गिटारवरचा घासलेला डाग

आमच्या गिटारच्या पोटावर, मधल्या भोकाच्या बाजूला, एक घासलेला डाग आहे. तिथलं पॉलिश उडून खालचं लाकूड उघडं पडलं आहे. ज्या माणसाची ही गिटार होती त्याची बोटं वर्षानुवर्षं तिथं घासली असणार. गिटार घरी आणली त्या दिवसापासून तो डाग माझ्या डोळ्यांत खुपायचा. मी कसाही बसलो, कशीही धरली, तरी माझं एकही बोट तिथं पोचत नव्हतं. न पाहिलेल्या माणसाचा हेवा करायला माझ्यासारखाच कोणी पाहिजे. मी केला.

गोष्ट मूल या आमच्या गावची, मी पंचविशीत होतो तेव्हाची. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली आमच्याच जिल्ह्यात होती. मी एका धानगिरणीत इंजिनवर कामाला होतो. दिवसभर इंजिनाची धडधड आणि नाकातोंडात कोंडा. पण गावात आपलं नाव व्हावं ही भारी हौस. भजनी मंडळात पेटी वाजवणारा होता, ढोलकीवाला होता, आणि माझ्या वाट्याला झांजा आल्या होत्या. झांजा वाजवणाऱ्याला कोण विचारतं? भजन संपलं की लोक पेटीवाल्याला हाताला धरून चहाला न्यायचे. मी मागं बसून झांजांची दोरी गुंडाळत राहायचो आणि मनातल्या मनात जळायचो.

एका उन्हाळ्यात गिरणीच्या इंजिनासाठी जुना पट्टा मिळतो का ते बघायला मला माजरीला पाठवलं. तिथल्या कोळसा खाणीतल्या एका गोव्याकडच्या साहेबाची बदली झाली होती. साहेब आधीच निघून गेला होता आणि त्याची बायको नको असलेलं सामान ओसरीवर मांडून विकत होती. खुर्च्या, कंदील, पोपटाचा रिकामा पिंजरा, आणि भिंतीला टेकवलेली ही गिटार. तोवर गिटार मी चांद्याला सिनेमाच्या पाटीवरच पाहिली होती, हिरोच्या हातात. मी एक तार छेडली आणि अंगावर काटा आला. अशी वस्तू मूलमध्ये कोणाकडे नाही, हा पहिला विचार. पेटीवाल्याचं तोंड कसं पडेल, हा दुसरा.

बाई म्हणाली, वाजवायचा तो नवरा, मला यातलं ओ की ठो कळत नाही. उन्हात ठेवू नका, कोरड्या फडक्यानं पुसा, पावसाळ्यात जपा, एवढं मात्र तिनं बजावून सांगितलं. तिला मूलकडचा तांदूळ हवा होता. घरचा चिन्नोर आणून देतो असा शब्द दिला आणि गिटार चादरीत गुंडाळून घरी आणली. पुढच्या खेपेला तांदूळ नेऊनही दिला.

माझ्या मायनं कपाळाला हात लावला.

"तांदूळ शिजवून खाता येते. हे आता शिजवाचं का?"

बायको दारात उभी होती. लग्नाला आमच्या दुसरं वर्ष. ती मायच्या मागून हळूच म्हणाली, "दिसाले तर लय चांगली हाये."

बायको डावरी. म्हणजे जन्माची डावरी, पण माहेरी तिच्या बापानं लहानपणी तिचा डावा हात फडक्यानं बांधून ठेवून तिला उजव्याची सवय लावली होती. जेवण, वाढणं, पाया पडणं, हातात काही देणं, सगळं उजव्यानं. चुकून डावा हात पुढं आला की माय ओरडायची, "अवं, कोन्त्या हातानं देऊन राह्यली?" आणि ती चटकन हात बदलायची. कोणी बघत नसलं की मात्र भाजी डाव्या हातानंच चिरायची. मला ते माहीत होतं. त्याचं मला काही वाटत नव्हतं. तेव्हा नव्हतं वाटत.

गिटार मी सिनेमाच्या पाटीवरच्या हिरोसारखी धरली. शिकवणारं कोणी नव्हतं, पेटीच्या सुरावर कान ठेवून तारा लावायच्या आणि बोटानं सूर शोधत बसायचं. बारीक तारा वर अंगठ्याजवळ यायच्या आणि जाड तारा खाली मांडीकडे. अंगठा जायचा तिथं बोट पाहिजे असायचं, बोट जायचं तिथं अंगठा. मला वाटायचं, हे वाद्यच असं अवघड असणार, म्हणून तर ते साहेब लोकांचं. महिनाभर घासून घासून एक भजनाची चाल कशीबशी निघाली, ती पण अडखळत, जसं पाणी मिसळलेलं तेल गेल्यावर इंजिन गचके देतं. पण मूलमध्ये दुसरी गिटार कोणी ऐकलीच नव्हती. लोक माना डोलवायचे. संध्याकाळी अंगणात माणसं जमायला लागली. पेटीवाला स्वतः येऊन गेला, गिटारला हात लावू का म्हणून विचारलं, आणि मी म्हटलं, "नको भाऊ, तारा नाजूक असतात." त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

लोक मला गिटारवाले भाऊ म्हणायला लागले. ही वार्ता सासुरवाडीला पोचली. सासऱ्याचा निरोप आला, दिवाळी झाल्यावर आमच्या गावच्या मंडईत जवाईबापूंनी बाजा घेऊन यावं, दंडारीचा नाच-तमाशा सुरू व्हायच्या आधी चार लोकांत वाजवावं. आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे गावाचा सगळ्यात मोठा दिवस. आजूबाजूच्या गावचे पाहुणे, लेकी, जावई, सगळे येतात. त्या सगळ्यांसमोर जावई म्हणून मी वाजवायचं. मी हवेत चालायला लागलो.

मग पावसाळा लागला. माजरीच्या बाईचं बोलणं डोक्यात होतं. तारा गंजतील, लाकूड फुगेल, वाळवी लागेल, मला घोर लागला. आमच्याकडे बियाण्याचे तुंबे, म्हणजे वाळवून पोकळ केलेले भोपळे, चुलीच्या वर, धुराच्या उबेत टांगून ठेवतात, तिथं ना ओल येते ना कीड. मी गिटारही तिथंच टांगली, बियाण्याच्या तुंब्यांच्या रांगेत. मला माझ्या डोक्याचं मोठं कौतुक वाटलं. धुरानं काजळी धरेल हे ध्यानात आलं नाही. काजळी धरली, आणि ती पुसायचं काम अर्थातच बायकोवर आलं. रोज दुपारी भांडी झाली की ती गिटार खाली काढायची, मांडीवर घ्यायची आणि पुसायची. स्वयंपाकघरात, कोणी बघत नसताना. म्हणजे डाव्या हातानं.

एका दुपारी गिरणीचा पट्टा तुटला आणि काम बंद पडलं म्हणून मी लवकर घरी आलो. अंगणात पाय ठेवला तर आतून गिटार. रोवणीच्या वेळी बाया चिखलात वाकून धान लावताना ज्या चालीवर गातात, ती चाल. अडखळणं नाही, गचके नाहीत. पाणी धानाच्या एका बांधीतून खालच्या बांधीत उतरावं तशी सरळ चालली होती. मी त्याच चालीवर दोन महिने डोकं फोडून घेतलं होतं.

मी दारातून पाहिलं. बायको चुलीशी बसली होती आणि गिटार तिनं उलटी धरली होती. मान उजव्या हातात, तारा छेडायला डावा हात. त्या डाव्या हाताची बोटं बरोबर त्या डागावर घासत होती. जिथं माझं बोट कधी पोचलं नाही, तिथं तिची चारही बोटं, आपल्या घरात शिरावीत तशी.

माझ्या पोटात काय झालं ते मी नीट सांगू शकतो, कारण ते पुढं बरेच दिवस राहिलं. जेवताना घास अडकतो तसं काहीतरी, पण खाली, पोटात.

"उलटी धरली तू," मी म्हणालो.

ती दचकली. गिटार लगेच खाली ठेवली. "पुसून राह्यली होती. मले अशीच जमते."

"कधीपासून?"

"पाऊस लागला तवापासून."

ओरडायला काही कारणच नव्हतं, तेच तर वाईट. वस्तू फुटली नव्हती, काम राहिलं नव्हतं. मी हातपाय धुतले आणि खाटेवर जाऊन बसलो. तिनं चहा आणून दिला, उजव्या हातानं.

मग तर रोजच झालं. मी घरी नसलो की ती वाजवायची. शेजारच्या बाया सूप घेऊन, तांदूळ निवडायला म्हणून आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायला लागल्या. माझ्या अंगणात पुरुष यायचे ते माझ्याकडे बघायला. तिच्या चुलीशी बाया यायच्या त्या ऐकायला. हा फरक मला कळत होता. आणि माझी माय, जी डाव्या हाताच्या नावानं खडे फोडायची, ती एक दिवस जेवताना मला म्हणाली, "तिच्या हातानं गोड वाजते रे. तू काऊन इतका जोर लावतं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पेटीवाल्याचा हेवा करणं सोपं होतं. तो परका होता, घरी आलं की दिसत नव्हता. ही माझ्याच घरात, माझ्याच ताटात वाढणारी. आणि तिला त्याचं काहीच नाही. नाव नको, मंडई नको, चहाला कोणी हाताला धरून न्यावं ही हौस नको. तिनं एकदा तरी भाव खाल्ला असता तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. ती वाजवायची, पुसायची आणि तुंब्यांच्या रांगेत टांगून भाकरी थापायला बसायची.

दिवाळी तोंडावर आली आणि एक जाड तार तुटली. माझ्याच हातून, जोर लावताना. माझं तोंडचं पाणी पळालं. मंडई जवळ आली होती. तुटलेली तार खिशात घालून मी छोट्या रुळावरच्या गाडीनं नागपूरला गेलो. वाद्यांच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं तार बघितली, दुसरी काढली आणि सहज विचारलं, कितवी तुटली.

"सगळ्यात खालची," मी म्हणालो.

"खालची कशी? ही जाड तार वर असते. बारीक खाली."

"आमच्या गिटारला जाड खाली आहे."

तो हसायला लागला. "मग ती डावऱ्या माणसाची गिटार आहे भाऊ. त्यानं आपल्या हातासाठी तारा उलट्या चढवल्या असतील. तुम्ही इतके दिवस दुसऱ्याच्या पायातला जोडा घालून चालले."

मी त्या दुकानात उभ्या उभ्या इतका खूश झालो की म्हाताऱ्याच्या पाया पडायचंच तेवढं बाकी राहिलं. म्हणजे चूक माझी नव्हती. आणि तिचीही काही कमाल नव्हती. साहेब डावरा, ही डावरी, बस्स. यात कसली आली कला? म्हाताऱ्यानं सांगितलं, तारा काढा, उलट्या क्रमानं चढवा, वरच्या टोकाला जी हाडाची पट्टी आहे तिच्यातल्या खाचा जाड तारांसाठी रुंद करून घ्या, झाली तुमच्या हाताची. येताना गाडीत मी गुणगुणत होतो. मला तारा उलटवायच्या होत्या आणि तेव्हा तिचं तोंड बघायचं होतं. हे अगदी असंच होतं, त्याला मी आज गोड रूप देत नाही. मंडई माझी, गिटार माझी, आणि आता तिच्या हातात ती माझ्यासारखीच अडखळणार होती.

घरी पोचलो तर गिटार खाटेवर ठेवलेली. तारा उलटवलेल्या.

बारीक तारा खाली, जाड वर, नव्या तारेसाठी तेवढी जागा मोकळी. हाडाच्या पट्टीतल्या खाचा माझ्याच कानशीनं रुंद केलेल्या. ज्या खाचा बारीक तारांना ढिल्या झाल्या होत्या, त्यांच्यात बांबूची चोय बारीक तासून बसवलेली, तार हलू नये म्हणून.

"हे कोणी केलं?"

"मी," बायको म्हणाली. "मी धरते तर बारीक तारा खाली येते. तुमी धरता तर वर जाते. मंग तुमाले कसं जमन? म्हणून फिरवून ठिवल्या. मंडईत तुमाले वाजवाची हाये नं."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोन सांगन? दिसते नं."

नागपूरच्या म्हाताऱ्याकडून जे मी खिशात घालून आणलं होतं, ते ती घरी बसून, चुलीशी, आपल्या आपण करून मोकळी झाली होती. मी मनात जो डाव धरून आलो होतो तोही तिनंच उरकून टाकला होता. हातातली तार खाटेवर ठेवली आणि मी पाणी मागितलं. मला तेव्हा तिचा जितका राग आला तितका आयुष्यात कोणाचा आला नसेल.

नवी तार चढवली. मंडईपर्यंतच्या दिवसांत हात मोकळा झाला. खरंच झाला, चाल सरळ यायला लागली. सासुरवाडीला मंडप भरला होता. पोरं झाडावर, पाहुणे सतरंजीवर, दंडारीतले नाचे रंग लावून बाजूला उभे. मी वाजवलं आणि चांगलं वाजवलं. लोकांनी दाद दिली, कोणी पान आणून दिलं, कोणी चहाला हाताला धरून नेलं. मी ज्याच्यासाठी इतकी वर्षं जळलो ते सगळं त्या एका दुपारी मला मिळालं.

जेवायला बसलो तेव्हा सासऱ्याची छाती फुगली होती. लेक वाढत होती. तिच्याकडे बघत तो पाहुण्यांना सांगायला लागला, "लहानपणी हिचा डावा हात बांधून ठिवला मी. म्हून पाहा, आज कशी उजव्या हातानं वाढून राह्यली." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "जवाईबापू, आमच्या पोरीलेही थोडसं वाजवाले शिकवा नं."

मी तोंड उघडायच्या आधी ती म्हणाली, "मले नाई जमत बाबा."

आणि ते खरं होतं. आता नव्हतंच जमत तिला. तिनं माझ्या पानात भात वाढला आणि पुढं गेली. पाहुणे वाहवा करत होते आणि मी मान खाली घालून बसलो होतो.

घरी आल्यावर गिटार पुन्हा चुलीवरच्या जागी गेली. ती अजून रोज दुपारी पुसायची. मी बघितलं, उजव्या हातानं पुसायची. डावा हात मांडीवर ठेवून. वाजवत मात्र नव्हती. बाया सूप घेऊन आल्या, दोन दिवस बसल्या, मग यायच्या बंद झाल्या. मी संध्याकाळी अंगणात वाजवायचो आणि लोक माना डोलवायचे, आणि माझं त्यात लक्ष नसायचं. आता तर मला तिचा आणखीच हेवा वाटायला लागला. इतकी गोड वाजणारी वस्तू हातातून काढून देता येणं, आणि वर त्याबद्दल तोंडातून शब्दही न काढणं, हे मला सात जन्मात जमलं नसतं. वाजवण्यात ती पुढं होतीच, देण्यातही पुढं गेली, आणि मी दोन्हीकडे मागं. हे मला काही केल्या सहन होईना.

एका सकाळी ती नदीवर धुणं धुवायला गेली होती. मी गिटार काढली, तारा सोडल्या आणि परत फिरवल्या. जाड खाली, बारीक वर. खाचांत बांबूच्या चोया कोंबल्या, जशा जमल्या तशा. गिटार परत टांगली आणि गिरणीत निघून गेलो. दुपारी पोटात दुखतंय असं सांगून घरी आलो, आणि अंगणातच थांबलो.

आत रोवणीची चाल सुरू झाली. अर्ध्यात थांबली. परत सुरू झाली, परत थांबली. मग बायको गिटार घेऊन बाहेर आली.

"ह्या बारीक तारांखाली चोय कोनं बसवली?"

"मी."

"म्हणूनच खरखर करून राह्यली."

ती ओसरीवर बसली. विळा घेतला, बांबूची कामटी घेतली आणि चोय तासायला लागली. डाव्या हातानं, माझ्यासमोर, आणि मायसमोर. माय सुपातले तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. चोय बसली, तार घट्ट झाली, आणि चाल जिथं तुटली होती तिथून पुढं निघाली. माझ्या पोटात पुन्हा तसंच दुखायला लागलं, पहिल्या दिवशी दुखलं होतं तसं. गिरणीत खोटं सांगून आलो होतो ते आता खरं झालं.

त्यानंतर तारा कधी फिरवल्या नाहीत. मी परत झांजांकडे गेलो. गिटार अजून घरात आहे, तारा किती वेळा बदलल्या, पोटाला एक चीर गेली ती डिंकानं जोडली. मूलमध्ये जुनी माणसं अजून मला गिटारवाले भाऊ म्हणतात आणि मीही ओ देतो. पण तो डाग आता दुप्पट मोठा झाला आहे. साहेबाची बोटं आणि तिची बोटं. त्यात माझं एकही बोट नाही.